खिडकीतून टाकलेलं पुस्तक

मी लॅबमध्ये काम करते. कलबुर्गीत, खासगी, दोन खोल्यांची लॅब. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी माझ्या टेबलावरून जाते आणि त्याची मला कधी किळस आली नाही. डबीतल्या थुंकीवर नंबर असतो, तिचं काहीतरी काम असतं. पण सकाळी बिदरला पॅसेंजरच्या डब्यात पाय ठेवला, की खिडकीखाली, दारामागं, सीटच्या कडेला ती लाल पिचकारी दिसते ना, तिथं मी नाकाला पदर लावते. वाळलेली वेगळी, ओली वेगळी. शी! आणि गंमत बघा, हीच माणसं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आमच्याकडं येतात, मी डबी हातात देते, तर तोंड पाडून म्हणतात, "मॅडम, येतच न्हाई की हो." गाडीत बरी येते मेल्यांना!

तरी मी गाडीनंच जाते. माझं माहेर भालकीचं. घर स्टेशनच्या इतकं जवळ, की मालगाडी गेली की ताटातलं वरण हलायचं. गाडीचं वेड मला कधी लागलं ते सांगता येणार नाही, ते आधीपासूनच घरात होतं. बसमध्ये मला वाचता येत नाही. दोन ओळी वाचल्या की तोंडात कडू पाणी येतं, तिसरीला उलटी. गाडीत मात्र कितीही वाचा. रुळांचा ठेका चालू असतो, क्रॉसिंगला गाडी उगीच उभी राहते आणि कुणी आपल्याला काही मागत नाही. हुमनाबाद सोडल्यावर बोगदा येतो. डब्यातले दिवे लागले तर लागले, नाहीतर मी ओळीवर बोट ठेवून बसते. बाहेर उजेडात आलं की बोटाखाली वाक्य तिथंच असतं. माझ्या सगळ्या दिवसात माझी म्हणावी अशी तेवढीच वेळ.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मी मोबाईलवरच्या एका वाचकांच्या ग्रुपात शिरले. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, इकडची मराठी वाचणारी मंडळी. प्रत्येकानं वर्षाचा संकल्प सांगायचा होता. मी लिहून मोकळी झाले, आठवड्याला एक पुस्तक. घरी सांगितलं तर आमचे हे भडकलेच. हे बिदरजवळच कोळारला एका गोदामात सुपरवायझर आहेत आणि यांच्या ओळखीच्या एकाची जीप रोज कलबुर्गीला जाते-येते. संध्याकाळची गाडी उशिरा सुटते आणि त्याहून उशिरा पोचते, त्यामुळं यांचा डोळा केव्हापासून त्या जीपवर.

"गाडीत बसून करायलीस काय तू रोज?" हे म्हणाले. "जीपनं आलीस तर दिवे लागायच्या आत घरात असशील."

"वाचायले."

"कामून? परीक्षा देयची हाय का?"

तेव्हा आतून अव्वा बोलली. अव्वा म्हणजे माझी सासू. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. तिला अक्षर येत नाही, कानडीही नाही आणि मराठीही नाही, पण बोलायला दोन्ही आणि वर भाजीवाल्याशी भांडायला दखनी उर्दू. ती म्हणाली, "देऊ दे की परीक्षा. मी घेते." आणि तिथंच तिनं कायदा केला. दर रविवारी ती तूर निवडायला बसते, तेव्हा मी वाचलेलं पुस्तक तिला सांगायचं. सगळं, पहिल्यापासून शेवटापर्यंत. ज्या रविवारी गोष्ट नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जीप. यांना ते फारच पटलं. आपली आई बायकोला महिनाभरात जीपमध्ये बसवणार, असंच त्यांना वाटलं असणार.

मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. अव्वासारखी परीक्षक मी जन्मात बघितली नाही. एकदा एका कादंबरीतलं लग्नाचं प्रकरण मी दोन वाक्यांत उरकलं. अव्वाचे हात सुपात थांबले.

"जेवायला काय केल्ते?"

"अव्वा, ते काय महत्त्वाचं न्हाई त्यात."

"लगीन झालं आन् जेवण महत्त्वाचं न्हाई? ऊठ, बघून ये."

उठले, पुस्तक उघडलं, बघितलं. बुंदी होती. आणि त्या बुंदीवरूनच पुढं व्याही रुसला होता, जे मी वाचूनही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी गाडीत जेवणंसुद्धा नीट वाचायला लागले. मधमाश्यांवरचं एक पुस्तक आणलं होतं, तेही तिनं सांगून घेतलं आणि राणीमाशीवर भरपूर टीका केली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, एक रविवार रिकामा गेला नाही.

तिकडं ग्रुपवर वेगळंच चाललं होतं. एक सर आठवड्याला तीन-तीन पुस्तकं संपवायचे, कानात घालून, दुप्पट वेगानं, मॉर्निंग वॉकला. एक मॅडम रोज नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ टाकायच्या, शेजारी चहाचा कप आणि झेंडूचं फूल. कप तोच, आणि फूलही तेच की काय असा मला संशय. पुस्तक कसं वाटलं विचारलं की उत्तर, "वाचनीय." अहो, पुस्तक वाचायचंच असतं, मग वाचनीय म्हणून सांगितलंत काय? त्याच्याखाली टाळ्यांची आणि हात जोडल्याची रांग. मला त्या टाळ्या बघितल्या की गुटख्याची पिचकारी आठवायची. तोंडात आलं की टाकलं बाहेर, गिळायचं काही नाही.

आता जागा धरायचं सांगते, कारण सगळं रामायण तिथंच झालं. संध्याकाळी कलबुर्गीला गाडी लागली की दारात ही झुंबड. आत शिरायच्या आधी खिडकीतून टॉवेल टाकायचा, रुमाल टाकायचा, टाकला त्या सीटवर तुमचा हक्क. मग तुम्ही सावकाश आत या, तिथं कुणी बसणार नाही. हा आमच्याकडचा कायदा, तिकिटापेक्षा मोठा. पण माझी पंचाईत अशी, की त्या सीटला लागलेला रुमाल मी परत तोंडाला लावू शकत नाही. विचारानंसुद्धा ओकारी येते. म्हणून मी पुस्तक टाकायची. माझ्या प्रत्येक पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर असायचं आणि लॅबमधला स्पिरिटचा बोळा त्याच्यावरून फिरवला की झालं स्वच्छ. मला माझी ही युक्ती फार आवडायची. आख्ख्या स्टेशनात पुस्तक टाकून जागा धरणारी मी एकटी, म्हणून कुणी कधी हात लावला नाही. लोकांनी मान ठेवला असं मला वाटायचं. मान कसला, त्यांची नजर गेली नव्हती एवढंच.

दिवाळी होऊन गेलेली. शनिवार होता. आमच्या बिदरच्या वाचनालयातलं एक जुनं पुस्तक माझ्याकडं होतं, बांधणी सैल झालेलं. एकाच भिंतीला लागून असलेल्या दोन घरांत दिलेल्या दोन बहिणींची गोष्ट. आई वारते आणि आईच्या जात्यावरून दोघींत भांडण होतं, जातं कुणी न्यायचं यावरून. तेव्हापासून अबोला. मुलं मोठी झाली, नवरे गेले, भिंतीपलीकडचं खोकणं ऐकू यायचं, तरी अबोला. शेवटी थोरली आजारी पडते आणि धाकटी पहाटे पेजेचं भांडं घेऊन तिच्या दारात येऊन उभी राहते. मी सकाळी गाडीत इथंपर्यंत आले होते आणि उरलेली थोडीशी पानं मुद्दाम संध्याकाळसाठी राखून ठेवली होती. दिवसभर रक्त काढताना माझ्या डोळ्यांसमोर तो उंबरा.

संध्याकाळी खिडकीतून पुस्तक टाकलं आणि दाराकडं पळाले. दारात कोंडी झाली. पुढच्या बाईची पिशवी अडकली, मागून लोक रेटायला लागले आणि मी मधल्या वाटेत अडकून पडले. माझी सीट हातभर अंतरावर. तिथं अण्णा बसलेला. हा रोजचाच, खताच्या दुकानाचा मालक, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. सगळे अण्णा म्हणतात म्हणून आम्हीही म्हणायचो. त्याच्या मांडीवर मिरची भज्यांचा पुडा आणि हातात माझं पुस्तक. मी ओरडेपर्यंत त्यानं ते मागून उघडलं आणि टर्र करून पानं ओढली. तो आवाज सगळ्या गोंगाटात मला एकटीला ऐकू आला असेल. एका पानावर भजी घेतली, एक शेजाऱ्याला दिलं, एकानं तेलकट बोटं पुसली आणि बोळा करून खिडकीबाहेर टाकला.

मी पोचले तेव्हा तो तोंड पुसत होता. गुटख्याचं लाल तोंड. त्याच कागदानं.

"अण्णा, माझं पुस्तक हाय ते!"

"घ्या की अक्का. न्हाई कोण म्हणलं?"

"पानं फाडलात तुमी!"

"मागलीच फाडलो," तो म्हणाला, आणि वर पुस्तक उलटून मला दाखवलं. "पुढली समदी हायेत, बघा की."

"मागं शेवट असतो, अण्णा!"

"शेवट काय, समद्याचा एकच असतोय." शेजारचे हसले. त्याला स्वतःचं बोलणं इतकं आवडलं की त्यानं पुडा माझ्यापुढं केला. "मिरची घ्या, गरम हाय."

"आन् ही जागा मी धरलेली हाय."

"पुस्तक टाकून कुठं जागा धरत्यात व्हय? टावेल टाकायचा असतोय. मला वाटलं, कुणी रद्दी टाकली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, माहेरच्या लोकांनी वाचलं तर त्यांना तोंड लपवावं लागेल. तुमच्या खताच्या दुकानात येऊन तुमच्या गिऱ्हाइकाच्या पोत्यात हात पुसले तर चालतील का, इथपासून सुरुवात केली. डबाभर माणसं ऐकत होती आणि एकानंही माझ्या बाजूनं तोंड उघडलं नाही. उलट एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या वं बाई, कागदच तर हाय." सीटखाली एक बोळा पडला होता. मी, लोकांच्या थुंकीच्या डब्या हाताळणारी, तो दोन बोटांत धरून उघडायला गेले. तेलानं दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत घुसली होती, मिरचीचा देठ चिकटलेला होता आणि मधोमध त्याच्या ओठांचा लाल शिक्का. मला भडभडून आलं. खिडकीशी जायलाही जागा नव्हती. तोंडावर पदर दाबून मी बिदरपर्यंत उभी राहिले आणि बोगद्यात पहिल्यांदाच माझं बोट कुठल्या ओळीवर नव्हतं.

घरी जाऊन आधी वाचनालयवाल्यांना त्यांच्या घरी फोन केला. ती एकच प्रत होती. मग ग्रुपवर लिहिलं, कुणी हे पुस्तक वाचलंय का, शेवट सांगा. भराभर उत्तरं आली. "ताई, वाचलं असं धरून टाका, शेवटची पानं कोण बघतंय." "संकल्प मोडू नका, तुमचा प्रवास प्रेरणादायी आहे." आणि त्या आठवड्याला तीनवाल्या सरांनी मोठा परिच्छेद पाठवला. अतिशय हृद्य शेवट आहे म्हणे, म्हातारी आई दोघी लेकींना जवळ घेते आणि जातं दोघींत वाटून देते. अरे माणसा, आई पहिल्याच पानावर मेली आहे! तिच्या मरणावरूनच तर पुस्तक सुरू होतं! त्याच्याखाली टाळ्या पडायला लागल्या होत्या. मी ग्रुप सोडला. मला त्या लोकांचा इतका वीट आला, की अण्णा परवडला असं वाटलं. त्यानं निदान भजी तरी खाल्ली.

रविवारी अव्वा सूप घेऊन बसली. हे दारातच पेपर चाळत होते. मी सांगायला लागले आणि अव्वा अशी रमली की तूर तशीच राहिली. जात्याच्या भांडणाला तिनं तोंडात बोटं घातली, "अय्यो देवरे" म्हणाली. धाकटी पेज घेऊन दारात उभी राहिली तिथं मी थांबले.

"पुढं?"

शेवट मला जुळवता आला असता. अव्वाला कुठं वाचून बघायचं होतं? पण मग त्या सरांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता, मला माझीच शिसारी आली असती. "पुढं पान न्हाई, अव्वा," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं, भज्यांपासून लाल शिक्क्यापर्यंत.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती आत गेली का भाईरच थांबली?"

"ठाऊक न्हाई."

"मग गोष्ट झाली न्हाई," अव्वा म्हणाली. यांनी तेवढ्यात फोन काढलासुद्धा. "उद्यापासून एक शीट वाढवा," हे जीपवाल्याला सांगत होते. मी अव्वाकडं बघत राहिले. ती मान खाली घालून पाखडत होती. त्या क्षणाला मला तिचाही राग आला. म्हटलं, वर्षभर गोष्टी खाल्ल्या आणि एका घासाला खडा लागला तर ताट ढकललं.

जीपचं काय सांगू. पुढं टांगलेल्या सेंटचा गोड वास, त्यात कुणाच्या तरी मोज्यांचा वास, कुणीतरी रोज उकडलेली अंडी आणायचं आणि कर्ण्यासारखी लावलेली गाणी. पुस्तक पर्समध्येच. पुस्तक न उघडताच कमलापूरच्या अलीकडच्या वळणांवर माझ्या तोंडात कडू पाणी यायचं. पहिल्या दिवशी पिशवी हातात धरली. दुसऱ्या दिवशी पिशवी सापडायच्या आधीच झालं आणि खिडकीबाहेर मान काढली. उतरल्यावर बघितलं तर पांढऱ्या जीपच्या अंगावर दारापासून मागच्या चाकापर्यंत ओघळ. माझा. ज्या गोष्टीला मी जन्मभर नाकं मुरडली, तेच मी करून ठेवलं होतं. ड्रायव्हर बिचारा बादली घेऊन आला, आणि ते मला जास्त लागलं. घरी दिवे लागायच्या आत पोचायची खरी, पण येऊन भिंतीकडं तोंड करून पडायची. स्वयंपाक अव्वाच करायची.

रविवार यायचे. पहिल्या रविवारी अव्वानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कळलं का, गेली का ती आत?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या रविवारी तीच एकटी बोलत होती. "गेली असंल. पेज गार हुतीय की. न्हाई, न्हाई. ती तशी न्हाई, लई ताठ हाय ती." स्वतःच शेवट करायची, स्वतःच मोडायची. तिसऱ्या रविवारी काहीच बोलली नाही. तूर निवडली, उठून गेली. रात्री जेवताना यांच्या दाताखाली कचकन खडा आला. "अव्वा, काय निवडलीस ही डाळ?" हे ओरडले. परत दोन घासांनी खडा. माझ्या लग्नापासून त्या घरात डाळीत खडा आलेला मला आठवत नाही.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होते, पाठ खोलीकडं. जीप यायची होती. आणि मागं आवाज आला, टर्र. तोच. वाटलं आता कोण काय फाडतंय या घरात. वळून बघितलं तर अव्वा उभी होती, हातात तिचं सणाचं इलकल लुगडं आणि दुसऱ्या हातात त्याचा लालभडक पदर, वेगळा झालेला.

"अव्वा! चांगलं लुगडं फाडलीस?" हे आंघोळीहून तसेच धावत आले.

"पुस्तक बी चांगलंच होतं की," अव्वा म्हणाली.

तिनं त्या पदराची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "हे टाक खिडकीतनं. बाईच्या पदरावर कोण बसतंय ते मी बी बघते. आन् पुस्तक हातातनं सोडू नको." यांनी तोंड उघडलं, "जीपवाला यायलाय की आता." तर अव्वा म्हणाली, "त्येला सांग, आमच्याकडलं कुणी येत न्हाई."

मी म्हणाले, "पण अव्वा, रविवार रिकामा गेला की माझा."

"परीक्षा माझी हाय. मी बघते काय ते. जा, गाडी चुकंल."

त्या दिवशी संध्याकाळी कलबुर्गीला मी खिडकीतून पदर टाकला. अण्णा टॉवेल घेऊन आधीच आत होता. त्यानं पदर बघितला, इकडंतिकडं बघितलं आणि समोरच्या सीटवर जाऊन बसला. मी पोचल्यावर पाय आत ओढून घेतले. पुड्यातली भजी त्यानं मला विचारली नाहीत, बरं केलं. सीटच्या कडेला ओली पिचकारी होती आणि अव्वाच्या पदराचं टोक नेमकं त्यात पडलं होतं. शी! शी! लाल काठावर लाल डाग दिसत नाही, पण आहे हे मला माहीत असतं ना. आता दर शनिवारी तो तुकडा मी गरम पाण्यात, साबणात, परत स्पिरिटात धुऊन काढते आणि धुताना त्या सगळ्या डब्याला शिव्या घालते.

रविवारी नवं पुस्तक सांगायला बसते. अव्वा सूप हातात घेते, पण पाखडत नाही. आधी विचारते, "गेली का ती आत?"

"न्हाई अव्वा. अजून दारातच हाय."

"बरं," अव्वा म्हणते. "मग आजचं सांग."